यंत्र बंद होतं

४ फेब्रुवारी

नमस्कार.

अक्षर ओळखाल असं नाही, म्हणून आधीच सांगते. मी बाइंडरची धाकटी बहीण. तुम्ही मला मोजपट्टी म्हणायचात. दोन वर्षांत पत्र नाही, फोन नाही, आणि आज लिहिते आहे त्याला कारण कामाचं आहे.

आपल्या गल्लीवर माहितीपट होतो आहे. दादाला त्या तिघांनी मारलं, त्यानंतर गल्ली त्याच्यामागे कशी उभी राहिली, हा विषय. दिग्दर्शिका बाहेरगावची आहे, कमी बोलते. तिचा ध्वनिमुद्रक आजारी पडला आणि कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी तिला म्हटलं, मी कारखान्यांचे आवाज मोजते, माणसांचे नाही. ती म्हणाली, "मायक्रोफोनला फरक कळतो का?" कळत नाही. म्हणून हो म्हटलं.

तुम्ही गेल्यानंतर इथे जे सुरू झालं ते तुमच्या कानावर आलं असेल किंवा नसेल. दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात गल्लीतली सगळी दारं सताड उघडी असतात. कुणीही आत यावं, बसावं, पाणी प्यावं. याची सुरुवात बाबांनी केली. दादाला दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यातल्या गुरुवारी ते दार उघडं टाकून उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसले. कुणाशी बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी औषधवाल्या काकांनी तसंच केलं, मग बेकरीवाल्याने. आता चाळीस दारं आहेत. इतर गावांतून लोक बघायला येतात. चित्रपटाचं नावही 'उघडी दारं' ठरलं आहे.

हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. लोक मनापासून करतात. पूर्वी दादाबद्दल बोलताना आवाज खाली जायचा, 'तसला' म्हणून वाक्य संपायचं. आता मुख्याध्यापिका बाई शाळेत मुलांसमोर सरळ सांगतात की त्याचं एका पुरुषावर प्रेम होतं आणि एवढ्यासाठी त्याला मारलं. दादासाठी मूक मोर्चा निघाला तेव्हा अर्धी शाळा त्यांच्यामागे शांतपणे चालत आली होती. मी खिडकीत उभी होते.

तुमचा उल्लेख चित्रपटात दोनदा येतो. एकदा 'त्याचा मित्र' म्हणून आणि एकदा 'पळून गेला तो' म्हणून. दिग्दर्शिकेला तुमची बाजू हवी आहे. तुमचा पत्ता कुणाकडेच नाही असं गल्लीने तिला सांगितलं आहे. माझ्याकडे आहे. देऊ का, ते कळवावं.

दादा चालतो. काठी लागते.

बाइंडरची बहीण


१९ फेब्रुवारी

नमस्कार.

उत्तर आलं नाही, म्हणून पत्ता दिलेला नाही.

पत्ता माझ्याकडे कसा, हे मागच्या पत्रात लिहायला हवं होतं. तुमच्याच पाकिटांवरून घेतला. दादाच्या नावाची तीन पाकिटं बाबांच्या कपाटात विम्याच्या कागदांखाली आहेत. फोडलेली नाहीत आणि दादाला दिलेलीही नाहीत. मला ती गेल्या वर्षी जूनमध्ये दिसली. होती तशी परत ठेवली.

चित्रीकरण चालू आहे. बेकरीवाल्याने तीन वेळा सदरा बदलला आणि डावीकडूनच घ्या म्हणून हटून बसला. काल औषधवाल्या काकांची मुलाखत झाली. ती तुम्हाला जशीच्या तशी सांगते, कारण माझ्याकडे ती जशीच्या तशी आहे.

"आमच्या कानावर काही आलंच नाही हो," काका म्हणाले. "समोरच्या बर्फाच्या कारखान्याचं ते यंत्र. सुरू झालं की बायको काय बोलते तेसुद्धा ऐकू येत नाही. तेवढाच त्याचा उपकार."

काकू आतून म्हणाल्या, "यंत्र बंद असलं तरी ह्यांना ऐकू येत नाही."

सगळे हसले. कॅमेरा हलला म्हणून ते वाक्य परत घ्यावं लागलं. काकूंनी ते परत तितक्याच तयारीने म्हटलं.

"आणि त्याचा मित्र?" दिग्दर्शिकेने विचारलं.

"तो पळाला. माणूस घाबरतो, त्यात काही नाही. आम्ही राग धरलेला नाही. पण नंतर पोलिसांना सांगतो काय, तर मी सात दारं ठोठावली, एकानेही उघडलं नाही. सात दारं म्हणजे आम्ही काय दगड आहोत? स्वतःची लाज झाकायची म्हणून अख्ख्या गल्लीवर चिखल उडवायचा. मनगट मोडलं म्हणे त्याचं. पळताना पडला असेल."

"यंत्र खरंच इतकं मोठं वाजतं?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "तिलाच विचारा. तिने मोजलंय. पोलिसांनीही तिलाच विचारलं होतं."

माझ्या कानांवर हेडफोन होते. मी म्हटलं, "खिडकीपाशी अठ्ठ्याहत्तर डेसिबल. चालू असताना."

"झालं तर मग," काका म्हणाले.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कॅमेरा आमच्या घरी होता. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, त्यामुळे जागा भरपूर आहे. बाबा दाराशी, दादा पलंगावर, मी मायक्रोफोनची काठी धरून कोपऱ्यात.

दादाला विचारलं, काय आठवतं? तो म्हणाला, "काही नाही. कारखान्याच्या मागच्या आवारातून आम्ही घरी येत होतो. मग दवाखान्याचं छत. तो पळाला म्हणतात. पळाला असेल तर बरं झालं. दोघांतल्या एकाचा तरी हात शाबूत राहिला."

तुमच्या मनगटाबद्दल त्याला कुणी सांगितलेलं नाही.

मंडळी गेल्यावर मी तारा गुंडाळत होते. दादा म्हणाला, "तो पळाला कसा असेल गं? पळणं त्याला जमायचंच नाही. समोरून बस सुटली तरी चालत जायचा. वर म्हणायचा, पुढची आपलीच आहे."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

मला माहीत आहे.


३ मार्च

हे पत्र मोठं होईल.

बर्फाच्या कारखान्याविरुद्ध गल्लीनेच नगरपालिकेकडे तक्रार केली होती, आणि मोजणीचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे आलं होतं. घर समोरच, म्हणून मी रेकॉर्डर आमच्याच खिडकीत लावला. सोमवार ते शनिवार अखंड. मायक्रोफोन खिडकीबाहेर होता, पण खिडकी उघडी होती. रेकॉर्डरचं घड्याळ मी रोज सकाळी तपासत होते.

त्या गुरुवारचं सगळं त्यात आहे.

दुपारी चार एकतीसला यंत्र थांबलं. पट्टा तुटला होता. ते पुन्हा सुरू झालं दुसऱ्या दिवशी दहा वाजता. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा गल्लीत यंत्राचा आवाज नव्हता. कुणाच्या तरी घरात भांडी पडत होती, तेही ऐकू येतं.

पाच बावन्न आणि आठ सेकंदांनी पहिली थाप. काचेवर. ते औषधवाल्यांचं दार. "दार उघडा, त्याला मारतायत." मग बेकरीचं शटर. अर्धं ओढलेलं शटर कसं वाजतं ते मी सांगायला नको. तिसरं मुख्याध्यापिका बाईंचं. तिथे तुम्ही दाराची पितळी कडी आपटलीत. आत रेडिओ चालू होता. कडी वाजल्यावर रेडिओचा आवाज कमी झाला. चार सेकंद कमी राहिला. मग पहिल्यापेक्षा मोठा झाला. चौथं, पाचवं, सहावं. चौथ्यापासून तुम्ही पूर्ण वाक्य म्हणत नाही, नुसतं "उघडा" म्हणता. आमच्या दाराशी मात्र पुन्हा पूर्ण म्हटलंत. "काका, मी आहे. दार उघडा. त्याला मारतायत हो."

तेव्हा पाच चोपन्न चाळीस झाले होते. दोन मिनिटं बत्तीस सेकंदांत सात दारं.

आतून बाबांचा आवाज आहे. "उघडू नकोस. रस्त्यात तमाशा नको." मग वरची कडी लागल्याचा आवाज. मग एकोणीस सेकंद तुम्ही दाराशीच आहात, श्वास ऐकू येतो. मग पावलं. पळणारी. आणि मग कारखान्याच्या फाटकासमोरचं ते गटाराचं सैल झाकण वाजतं. ते झाकण मागच्या आवाराच्या वाटेवर आहे, गल्लीच्या तोंडाकडे नाही. तुम्ही बाहेर पळाला नाहीत. जिथे मारत होते तिथे परत गेलात.

तुमचं मनगट तिथे मोडलं असणार.

पोलीस दोन दिवसांनी आले. घरोघरी विचारून झालं होतं, सगळ्यांनी यंत्राचं नाव सांगितलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही या विषयातल्या आहात. त्या यंत्राच्या आवाजात दारावरची थाप ऐकू येईल?" मी म्हटलं, यंत्र चालू असेल तर नाही. त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली. ते चालू होतं का, हे त्यांनी विचारलं नाही. गल्लीचे सगळे जबाब माझ्या त्या एका ओळीवर उभे आहेत. तिघांना शिक्षा झाली ती दुसऱ्या पुराव्यांवर, त्यामुळे पुढे कुणाला ती ओळ तपासून बघायची गरज पडली नाही. फक्त तुम्ही खोटे ठरलात. नंतर तुमच्या चष्म्यांच्या दुकानाच्या काचेवर 'पळपुटा' लिहिलं होतं ते दादाला मारणाऱ्यांच्या बाजूच्या कुणी लिहिलं नव्हतं. ते दादाच्या बाजूच्या कुणीतरी लिहिलं होतं.

दादाला अंघोळ बाबा घालतात. भरवतात तेही. रात्रीतून दोनदा उठून कूस बदलून देतात. जन्मभर वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस, कुणाला पाणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं. हे ऐकल्यावर दादा कुणाच्या हातून जेवेल, असा प्रश्न मी दोन वर्षं पुढे करत आले आहे. दादाची अडचण म्हणून पुढे केला की तो बरा दिसतो.

चित्रपट महिनाअखेर पुरा होईल. एकदा झाला की 'पळून गेला तो' हेच राहील. मला तुमची परवानगी नको आहे. जे करणार आहे ते तुम्हाला आधी कळावं, एवढंच.


११ मार्च

काल ऐकवलं.

सकाळी आधी बाबांना सांगितलं की माझ्याकडे त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे. ते दादाचा सदरा उलटा करून वाळत घालत होते. म्हणाले, "माहीत आहे."

मी विचारलं, कसं?

"त्या आठवड्याचा अहवाल तू दिलाच नाहीस. नगरपालिकेचा माणूस दोन खेपा घालून गेला. तू काम अर्धं टाकणाऱ्यातली नाहीस." चिमटे लावून झाल्यावर म्हणाले, "ऐकव त्याला. मी घरात असताना ऐकव."

मग तिघं बसलो. दादाने हेडफोन नको म्हटलं, सगळ्यांना ऐकू येऊ दे म्हणाला. तो डाव्या हाताच्या बोटांवर दारं मोजत होता. पाच झाल्यावर पुन्हा अंगठ्यापासून. आमच्या दाराशी तुमचा आवाज आला तेव्हा त्याने बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कडी लागली. पुढे तो श्वास. मग झाकण वाजलं, आणि मी काही समजावून सांगायच्या आत दादा म्हणाला, "परत आला."

त्याने ते पुन्हा लावायला सांगितलं. फक्त पावलांपासून. चार वेळा.

मग विचारलं, "कडी कुणी लावली?"

बाबा म्हणाले, "मी."

तुम्हाला मागच्या पत्रात मी 'कडी लागल्याचा आवाज' असं लिहिलं. दादाला तसं सांगता आलं नाही. बाबा त्या वेळी खुर्चीत होते. उठताना ती खुर्ची कुरकुरते, बसतानाही. रेकॉर्डिंगमध्ये ती वाजलेलीच नाही. कडी मी लावली. खालची होतीच, वरची लावायला मला टाचा उंचवाव्या लागतात. मी दादाला हे असंच सांगितलं.

बाबा म्हणाले, "मी सांगितलं म्हणून लावली तिने."

मी म्हटलं, तुम्ही उघडू नको म्हणालात. लाव म्हणाला नव्हतात.

मारणारे तुमच्या पाठोपाठ घरात घुसतील, ही भीती होती. ती खरीच होती, पण एकटी नव्हती. त्या महिन्यात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं, आणि त्या घरच्यांनी दोनदा विचारलं होतं की भावाचा तो मित्र तुमच्याकडे फार येतो का. तुम्ही दाराबाहेर असावंत असं मला तुम्ही दार वाजवायच्या आधीपासून वाटत होतं. ते लग्न पुढे झालं नाही. मी मोडलं, पण कारण वेगळं सांगितलं.

दादाने काठी डावीकडे ओढून घेतली. मग बाबांना म्हणाला, "तुम्ही घाबरला होतात." बाबांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळला. "तू सव्वीस वर्षांची होतीस. आणि यंत्र बंद आहे हे तुला माहीत होतं."

संध्याकाळी बाबा जेवण घेऊन गेले. मला भीती होती तो तोंड फिरवेल. तो जेवला. नंतर मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाला, "ठेव तिथे. बाबा देतील."

तुमची पाकिटं बाबांनीच कपाटातून काढून त्याच्या उशाशी ठेवली.


१७ मार्च

रेकॉर्डिंग दिग्दर्शिकेला दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हे असताना तू दीड महिना माझ्याबरोबर काम करत होतीस." मी हो म्हटलं. तिने ध्वनीचं काम दुसऱ्या कुणाला दिलं. ते योग्य आहे. पावलं ती पूर्ण ठेवणार आहे, दारंही. माझीही मुलाखत घेतली.

गल्लीला कळायला एक दिवस लागला. औषधवाले काका घरी आले, बसले नाहीत. "दोन वर्षं दारं उघडी ठेवली आम्ही. पावसापाण्यात. त्याला काहीच किंमत नाही का गं? सगळं गेलं दोन मिनिटांत?" मी म्हटलं, दोन मिनिटं बत्तीस सेकंद. ते बोलायला नको होतं. ते म्हणाले, "बाप आहे तो तुझा. जगासमोर त्याला उभा करतेस." काकू बाहेर गल्लीत थांबल्या होत्या. जाता जाता त्यांनी खिडकीतून मला विचारलं, "आमच्या दारावर किती वेळा थाप आहे?" मी म्हटलं, पाच. त्या म्हणाल्या, "मला तीनच आठवत होत्या."

मुख्याध्यापिका बाईंनी चित्रपट दाखवायला शाळेचं सभागृह दिलं होतं. आता ते परत घेतील असं वाटलं होतं. त्या प्रयोगशाळेत आल्या, माझ्या टेबलासमोर पर्स मांडीवर धरून बसल्या. "तिसरं माझं ना? रेडिओ कापू नका म्हणावं." मग उठता उठता, "बातम्या होत्या. काय बातम्या होत्या ते आठवत नाही."

मी पोलीस चौकीत जाऊन जबाब दुरुस्त करायचा अर्ज दिला. साहेब बदललेत. नवे म्हणाले, "केस संपली, गुन्हेगार आत आहेत. आता याने कुणाचं काय होणार?" मी म्हटलं, नोंद चुकीची आहे. ते म्हणाले, "तुमच्यावर शेकेल, बाई." मग लिहून घेतलं. त्यात यंत्र चार एकतीसला बंद झाल्याचं आहे, सात दारं क्रमाने आहेत, तुम्ही कोणत्या दिशेला पळालात ते आहे आणि कडी कुणी लावली ते आहे. शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. ती कुणाला दाखवायची, न दाखवायची, तुमच्याकडे राहू दे.


२९ मार्च

दादाला तुमचं पत्र मिळालं. मी वाचलेलं नाही. त्याने बाबांना सांगितलं आणि बाबांनी मला, की तो शनिवारी तुमच्याकडे येतो आहे, राहायला. बाबा सोडायला येतील आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने परत निघतील. बस नऊ चाळीसची. तुमच्याकडे दोन वाजून दहा मिनिटांनी पोचते. वीस मिनिटं उशीर धरा.

काही गोष्टी तुम्हाला माहीत असायला हव्यात.

त्याला दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचं दिसत नाही. याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल, तुम्ही आयुष्यभर लोकांचे डोळे तपासलेत. ताट, पेला, काठी, सगळं डावीकडे. उजवीकडून कुणी बोललं तर तो दचकतो, मग दचकल्याचा राग येतो.

उजवा हात मुठीत बंद होत नाही. पण कागदाची घडी तो अजून एका हाताने कुणाहीपेक्षा सरळ घालतो. जुने कागद हाताशी ठेवा.

सदऱ्याची बटणं स्वतः लावतो. सहा मिनिटं लागतात. चौथ्या बटणाला थांबतो, तेव्हा थकलेला नसतो, चुकलंय का ते बघत असतो. मध्ये हात घालायचा नाही.

औषधं तीन वेळा, कागद वेगळा दिला आहे. रात्रीची गोळी पाण्याबरोबर गिळत नाही, आधी पाणी, मग गोळी, मग पुन्हा पाणी. अंघोळीचं पाणी कोमटच. कढत पाण्याने त्याला चक्कर येते आणि तो ते सांगत नाही. कान लाल झाले की समजायचं.

झोपेत तो कधीकधी बोलतो. शब्द लागत नाहीत. बाबा अशा वेळी नुसता पाठीवर हात ठेवतात, डाव्या खांद्याखाली. उठवत नाहीत.

यात बाबांना विचारल्याशिवाय मला कळल्या नसत्या अशा दोन गोष्टी आहेत. बाकीच्या, दहा तारखेपासून त्याने मला खोलीत येऊ दिलेलं नाही, तेव्हा बाहेरच्या खोलीतून जेवढं दिसतं तेवढ्यावरून लिहिल्या आहेत. सहा मिनिटं मात्र घड्याळ लावून मोजली आहेत, पाच वेळा.